सुगंधाबाईंचं भाड्याचं विमान

भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाईला भिंतीत खिळा ठोकायचा म्हटला तरी दहादा विचार करावा लागतो. सुगंधा घाडीगावकरने मुंबईत आल्यापासून इतकी घरं बदलली, की गावच्या देवाची, रवळनाथाची तसबीर तिने भिंतीवर कधी लावलीच नाही. खिडकीच्या गजाला सुतळीने बांधायची आणि घर सोडताना सोडायची. करार अकरा महिन्यांचा. दहाव्या महिन्यात घरमालक जिन्यात भेटून गोड हसला, की समजायचं, टेम्पोवाल्याला फोन करायची वेळ झाली. मरोळ, चकाला, साकीनाका, पुन्हा मरोळ. एका घराच्या खिडकीतून मेट्रोचे खांब उभे राहताना दिसले, आणि मेट्रो धावायला लागायच्या आत त्यांनी ते घर सोडलंही होतं.

पण तिची एक खोड होती. घर सोडायच्या आदल्या दिवशी ती ते असं घासूनपुसून काढायची, की घरमालकाला खोट काढायला जागाच उरायची नाही. पंख्याची पाती, मोरीच्या फरशीतल्या फटी, दाराच्या मागची बाजू. "अगं, ते लोक उद्या रंग काढणार आहेत," असं तिचा नवरा नितेश कपाळाला हात लावून म्हणायचा. "त्यांचं ते बघतील," ती म्हणायची, "घेतलं तसं परत करायचं." या खोडीने तिला पुढे कुठे नेलं, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

कुडाळजवळच्या एका वाडीतून ती लग्न होऊन आली. नितेश विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता. सासरे, लवू घाडीगावकर, तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर इतरांसारखे ते मुंबईत हमाली करत राहिले नाहीत, सरळ गावी परतले. गावात घाडी घराण्याचा मान होता, देवापुढे गाऱ्हाणं घालायचा. कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाची नवी होडी, कोणाचं आजारपण, त्या माणसाच्या वतीने देवाशी बोलायचं ते घाड्याने, आणि मागे उभ्या गावाने प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणून हुंकार भरायचा. गिरणीत साच्यांच्या खडखडाटात उभं राहून बहिरा झालेला हा माणूस देवापुढे उभा राहिला की असा आवाज लावायचा, की देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडायची.

सुगंधाच्या हातात शिवण होतं. आधी ब्लाऊज शिवले, मग साकीनाक्याच्या एका कारखान्यात लागली. तिथे विमानातल्या सीटची कव्हरं शिवत. तिथे ती दोन गोष्टी शिकली. एक म्हणजे, विमानाचं कापड आधी पेटवून बघतात. पेट घेतला तर अख्खा तागा बाद. दुसरी, सुई मोडली की मशीन थांबवायचं, सुईचे सगळे तुकडे शोधून, एकमेकांना लावून, अख्खी सुई जमवून दाखवायची. टोक मिळालं नाही तर ती सीट बाहेर जात नाही, मग गिऱ्हाईक कितीही बोंबलू दे. बाकीच्या बायका या नियमाला शिव्या घालायच्या. सुगंधाला तो फार आवडला. पुढे तिने मरोळच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा छोटा गाळा घेतला, अर्थात भाड्यानेच, आणि चार बायका कामाला ठेवल्या, तेव्हा तिच्याकडेही हाच नियम लागू झाला.

त्या गाळ्यात केयूर देवधर यायचा. विमानांची दुरुस्ती करणारा परवानाधारक इंजिनियर, पार्ल्याचा, घाईघाईत बोलणारा. एकदा तो एका विमानाच्या सगळ्या सीट घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, ही होती तशी करून द्या. विमान मालकाला परत करायचंय."

"मालकाला? मग विमानावर नाव कोणाचं आहे?"

"नाव भाडेकरूचं. मालक वेगळाच, तिकडे परदेशात बसलाय. बहुतेक विमानं अशीच असतात, भाड्याची. मुदत संपली की घेतलं तसं परत करायचं. एक सीट फाटकी निघाली तरी कटकट."

सुगंधाने हातातली कात्री खाली ठेवली आणि ती इतकी हसली, की प्रेमा नावाची तिची कारागीर मशीन थांबवून बघायला लागली. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं, की भाड्याने राहणं ही गरिबाची लाज आहे. आणि इथे मोठमोठ्या कंपन्या तेच करत होत्या, वर टाय लावून.

हसू ओसरलं, पण विचार काही गेला नाही. "लहान विमानंपण भाड्याने देतात का रे?" तिने पुढच्या खेपेला विचारलं. केयूर म्हणाला, देतात की. पायलट तयार करणाऱ्या शाळांना शिकवायची छोटी विमानं हवी असतात, एका पंख्याची, चार सीटची. विकत घ्यायला सगळ्यांकडे पैसा नसतो. आणि योग असा, की एक फ्लाइंग क्लब बंद पडत होता आणि त्याचं तसलं एक विमान जुहूच्या छोट्या विमानतळावर धूळ खात उभं होतं. केयूर अर्धा वाटा घालायला तयार होता. उरलेला अर्धा म्हणजे बोरिवलीची खोली. आपल्या स्वतःच्या नावाच्या खोलीसाठी नवराबायकोंनी पै पै करून जे साठवलं होतं, ते सगळं.

नितेश दोन दिवस पासबुक उघडून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "माझं आयुष्य विमानात लोकांच्या बॅगा भरण्यात गेलं. आता बायको म्हणते, विमानच घेऊ या. घे. पण बुडालो तर खोली आयुष्यात विसर." तो रागाने नव्हे, भिऊन बोलला होता, आणि भीती तिलाही होतीच.

मग सुरू झाली वरात. शेजारीण म्हणाली, "विमान? मग पार्किंग कुठे करणार?" बँकेतल्या साहेबांनी 'विमान' ऐकून चहा मागवला आणि 'शिवणकाम' ऐकून घड्याळ बघितलं. विमान बघायला पहिल्यांदा गेली तेव्हा सुगंधालाही धक्काच बसला, ते होतंच एवढंसं. रिक्षाला पंख लावल्यासारखं. पण केयूरने इंजिन उतरवून पुन्हा बांधलं, परवान्यांसाठी चपला झिजवल्या, आणि सुगंधाने चारही सीट स्वतः शिवल्या, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलने तीन वर्षांच्या भाड्याला होकार दिला. अट एकच. त्यांच्या मुख्य प्रशिक्षक, कॅप्टन मृणालिनी, येऊन विमान तपासतील आणि पसंत पडलं तर सही करून स्वतः उडवत घेऊन जातील. मुलांची नवी तुकडी लगेच सुरू होणार होती, त्यामुळे हे नाही पटलं तर दुसऱ्या एका दलालाचं विमान त्यांनी बघूनच ठेवलं होतं.

तो दिवस ठरला आणि गावाहून सासरे येऊन दाखल झाले. धोतर, काळी टोपी, पिशवीत आपल्या झाडाचा नारळ. "गाऱ्हाणा घातल्याशिवाय इमान जावचा नाय," एवढंच म्हणाले. आता विमानापुढे पूजा काही नवी नाही, मोठमोठे लोक करतात. केयूरने पास काढून दिले. पण बजावलं, "आजोबा, नारळ तिकडे कडेला फोडायचा हं, कठड्यापाशी." आजोबांनी मान डोलावली. गिरणीत बहिरा झालेला माणूस कशालाही मान डोलावतो, हे केयूरला बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

कॅप्टन मृणालिनी तपासणी आटोपून, हात धुऊन, बाजूच्या खोलीत कागद वाचत बसल्या होत्या. उंच, बारीक कापलेले पांढरे केस, चेहऱ्यावर हसू नाही. सुगंधाचं सगळं लक्ष त्या खोलीच्या दाराकडे. सासऱ्यांना तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबा, विमान सांभाळ म्हणा, भाडं वेळेवर येऊ दे म्हणा, आणि आटपा." त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं तशी नितेश, प्रेमा आणि गाळ्यातल्या बायका मागून "व्हय म्हाराजा" म्हणत राहिल्या. सुगंधाही म्हणत होती, पण सासरे काय बोलतात हे काही तिच्या कानात शिरलं नाही. शेवटचं "म्हाराजा" झालं आणि म्हाताऱ्याने नारळ दोन्ही हातांनी उचलून देवळाच्या पायरीवर आपटावा तसा आपटला. थेट विमानापुढे, पंख्याखाली.

"झकास फुटला!" कोणीतरी ओरडलं. फुटला खराच. पाणी चाकांपर्यंत उडालं आणि तुकडे चारी दिशांना घरंगळले. केयूरचा चेहरा उतरला. सुगंधाने पटकन वाकून पदरात तुकडे गोळा केले, आणि हाताला सवय होती म्हणून असेल, बाकड्यावर बसून ते एकमेकांना लावायला घेतले. करवंटी जमत गेली. एका जागी मात्र अंगठ्याएवढी खिंड राहिली. तिने आजूबाजूला बघितलं, पदर झटकला, पुन्हा बघितलं. तो तुकडा नव्हता.

"ताई, सोडा ना आता," केयूर हळू आवाजात म्हणाला. "एवढासा तुकडा, पडला असेल कुठेतरी. कॅप्टन सहीला येतायत. सही होऊ दे, मग मी शोधतो निवांत."

"सही झाल्यावर ती बाई विमान घेऊन उडेल, केयूर. तू शोधशील कुठे, ढगात?"

नितेशने तिच्याकडे बघितलं आणि त्या बघण्यात बोरिवलीची अख्खी खोली होती. सुगंधालाही ती दिसली. खोटं कशाला सांगा, क्षणभर तिला वाटलं, गप्प बसावं. कावळ्याने नेला असेल तुकडा. नसता घोळ कशाला? पण त्या चार सीट तिने शिवल्या होत्या. त्यांवर उद्या विशीतली पोरं बसणार होती, कोणाची कोण. सीटमध्ये राहिलेली सुई फार तर टोचते, विमानाच्या यंत्रात राहिलेला तुकडा जीव घेतो. ती उठली आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मॅडम, आमच्याकडून एक चूक झालीय."

कॅप्टननी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्या विमानापुढे तुम्ही नारळ फोडलात?"

"अजून माझंच आहे. सही झाली की तुमचं होईल. म्हणून आत्ताच सांगते."

कॅप्टननी चष्मा काढला. "अंधार पडायच्या आत तुकडा माझ्या हातात आला तर बघू. नाही आला तर मी हे विमान घेणार नाही. दुसऱ्या विमानवाल्याला हो म्हणून टाकीन. माझ्याकडे मुलं खोळंबलीत."

मग जी शोधाशोध सुरू झाली, ती बघायला आसपासचे कर्मचारीही जमले आणि बघता बघता तेही सामील झाले. सगळे एका ओळीत कमरेत वाकून, भाताची लावणी करावी तसे पुढे सरकत होते. केयूरने इंजिनावरचं झाकण उघडलं, टॉर्च मारून कोपरान् कोपरा बघितला. आत काही नव्हतं. सिमेंटच्या भेगा झाल्या, गटाराची जाळी झाली, प्रेमाने सगळ्यांच्या चपलांचे तळसुद्धा उलटे करून बघितले. ऊन पिवळं पडायला लागलं.

म्हातारा बाजूला उकिडवा बसला होता. "माज्या हातान तुजा घर बुडाला गो," तो म्हणाला.

"मग कडेला फोडायचा होता ना!" सुगंधा इतक्या जोरात ओरडली, की त्यांना ते स्वच्छ ऐकू गेलं. "कितीदा सांगितलं? सगळं स्वतःच्या मनाचं करायचं!" लग्नानंतर इतक्या वर्षांत ती सासऱ्यांना कधी उलटून बोलली नव्हती. म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खाली बघत राहिला. तिला त्याच क्षणी वाईट वाटलं, पण माफी मागायला वेळ कुठे होता!

ती ठेवणीतली साडी नेसून आली होती. तशीच विमानाखाली आडवी झाली. या विमानाच्या चाकांवर पत्र्यासारख्या टोप्या असतात, चिखल उडू नये म्हणून. टोपी आणि टायर यांच्यामधल्या फटीत टॉर्चचा उजेड पोचत नव्हता. सुगंधाने डोळे मिटले आणि दोन बोटं आत सरकवली, सीटच्या शिवणीत मोडक्या सुईचं टोक चाचपावं तशी. पुढचं चाक झालं. डावं झालं. उजव्या चाकाच्या आत, पार वर, तिच्या बोटाला काहीतरी खरखरीत लागलं.

"केयूर! इकडे ये! हे उघड!"

स्क्रू निघाले, टोपी निघाली आणि करवंटीचा तुकडा केयूरच्या तळहातावर पडला. घरंगळत आला होता की उडून बसला होता, देव जाणे. तो जिथे अडकला होता तिथून बोटभर अंतरावर ब्रेकची नळी होती. केयूरला घाम फुटला. "ताई, चाक जोरात फिरलं असतं ना... ब्रेकची वाट लागली असती." सुगंधाने तुकडा करवंटीच्या खिंडीत बसवून बघितला. बरोबर बसला. मग ती तिथेच जमिनीवर बसून घळाघळा रडली.

कॅप्टननी स्वतः टॉर्च घेऊन ते चाक बघितलं, नळीवरून बोट फिरवलं, टायर बदलायला लावला. तोवर दिवस मावळला. "आज उडता येणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी फोन काढला. "हॅलो, ते दुसरं विमान नको म्हणून कळवा. हो, हेच. उद्या सकाळी घेऊन निघते." फोन ठेवून त्या सुगंधाकडे वळल्या. "त्या दलालाला मी तीनदा विचारलं, विमानाला कधी काही झालंय का? तीनदा म्हणाला, मॅडम, काहीच नाही. इतकी वर्षं वापरलेलं विमान, आणि काहीच नाही? अशा माणसाचं विमान घ्यायची मला भीती वाटते." नितेश हे ऐकून भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे घरातून निघेनात. "माका नाय येवचा. तुमी जावा." सुगंधाने त्यांची टोपी खुंटीवरून काढली, त्यांच्या हातात दिली आणि कानाशी जाऊन म्हणाली, "बाबा, काल मी बोलले ते चुकलं. तुमच्याशिवाय मी विमान सोडणार नाही." म्हातारा आला खरा, पण जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या पार मागे उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागे बांधून, जणू त्या हातांना आता कशालाच शिवायची परवानगी नव्हती.

सही झाली. कॅप्टन विमानाभोवती एक फेरी मारून आल्या आणि दाराशी थांबल्या. "आजोबा कुठे आहेत?"

सगळ्यांचे चेहरे पडले. नितेश त्यांना हाताला धरून पुढे घेऊन आला. कॅप्टन त्यांच्या कानापाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या, "काल तुम्ही म्हणत होतात ते मी आतून ऐकलं. आज परत म्हणाल? नारळ मात्र नको."

म्हाताऱ्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने सुनेकडे बघितलं. सुनेलाही काही कळेना.

"इतकी वर्षं विमान उडवतेय," कॅप्टन तिला म्हणाल्या, "विमानाच्या पूजा ढिगाने बघितल्या. उडवणाऱ्यासाठी कोणी काही मागितलेलं कालच पहिल्यांदा ऐकलं." एवढं बोलून त्या विमानात जाऊन बसल्या. खिडकी मात्र उघडी ठेवली.

लवू घाडीगावकरांनी पाठीमागचे हात सोडले आणि जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या इमान आज तुज्या लेकरांनी दुसऱ्याच्या हातात दिल्यानी. ज्येच्या हातात ता जाता, त्येका तू आपला लेकरू समज, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या घराकडे दिवो लावून वाट बघणारा कोणतरी असा. वर गेल्लो जीव सांज जावच्या आदी सुखान खाली येवंदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, आणि खिडकीतून आणखी एक आवाज आला, नागपुरी वळणाचा, थोडा मागे पडलेला.

पंखा फिरला. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, धावलं आणि वर उठलं. नितेश हात हलवत राहिला, जाणारं माणूस ओळखीचं असावं तसा. सुगंधाने सासऱ्यांचा हात धरला होता. विमान समुद्राकडे वळून ठिपक्याएवढं झालं, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की भाडं वेळेवर येऊ दे हे म्हाताऱ्याने देवाला सांगितलंच नव्हतं, आज नाही, आणि बहुधा कालही नाही. तिने त्यांच्याकडे बघितलं. ते अजून हात कपाळाशी धरून आकाशात शोधत होते. तिने ती गोष्ट काढली नाही, आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत तीही त्यांच्याबरोबर बघत उभी राहिली.